टोचलेलं पुस्तक

पुस्तकांनाही झोप लागते. गार, कोरड्या आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलं की कागद जरा कूस बदलतो आणि गाढ झोपी जातो. झोपेतही त्याचं वय वाढतं, नाही असं नाही. पण इतकं सावकाश, की इकडे माणसांची नातवंडं म्हातारी व्हावीत आणि तिकडे पानाचा एक कोपरा जेमतेम पिवळा पडावा. त्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर अशी एक खोली होती. तिची किल्ली जिच्याकडे असायची तिला सगळे जतनवाली म्हणत, कारण पुस्तकं टिकवणं हेच तिचं काम होतं. खोलीत शिरताना ती आपोआप हळू बोलायला लागायची. तसा काही नियम नव्हता. झोपलेल्यांच्या खोलीत माणूस आवाज खाली घेतो, एवढंच.

आता ग्रंथालय नव्या इमारतीत जायचं होतं. तिथे उजेड भरपूर होता, जिने रुंद होते, पण गार खोली मात्र मुठीएवढी. म्हणून प्रत्येक पुस्तकाला आत्ताच चिठ्ठी लावायची होती. हिरवी चिठ्ठी म्हणजे कागद राहील. निळी म्हणजे पुस्तक स्कॅन करून फक्त संगणकात राहील आणि कागद रद्दीत जाईल. पांढरी म्हणजे दोन्ही राहतील, पण पांढरीचा मान जगात एकच प्रत असलेल्यांना. आणि पांढरीवाला कागद गार खोलीत गेला की पुन्हा कुणाच्या हाती यायचा नाही. वाचायचं तर पडद्यावर.

नव्याने कामाला आलेल्यांना जतनवाली हे फार गोडीने समजावून सांगायची. कागद म्हणजे घरातले आजोबा, ती म्हणायची. एका कोपऱ्यात बसवा, ऊन-पाऊस लागू देऊ नका, बाकी काही मागत नाहीत. संगणकातलं पुस्तक म्हणजे तान्हं बाळ. त्याला दर काही वर्षांनी उचलून नव्या यंत्रात निजवावं लागतं, कारण जुनं यंत्र म्हातारं होतं. एकाच पाळण्यात ठेवायचं नाही, दोन-तीन ठिकाणी ठेवायचं, आणि अधूनमधून बघायचं की बाळ तेच आहे ना, त्याचं एखादं अक्षर गळलेलं नाही ना. शिवाय असं कुलूप लावायचं नाही की ज्याची किल्ली एकाच दुकानात मिळते. दुकान बंद पडलं की बाळ आत आणि आपण बाहेर. ऐकणारे हसायचे, पण लक्षात ठेवायचे.

स्कॅन करणारा गृहस्थ मिशाळ आणि उरकाचा होता. त्याला फटाफट म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याच्या तोंडून तोच शब्द यायचा. त्याच्या यंत्राला जतनवालीनेच एक गोष्ट शिकवून ठेवली होती: कोरं पान आलं की ते सोडून द्यायचं. जुन्या पुस्तकांत पुढे-मागे कोरी पानं फार, ती साठवून करायचं काय? यंत्र शहाण्या मुलासारखं ऐकत होतं. पानं उलटत होती, दिव्याची पट्टी सरकत होती, कोरं ते गळत होतं आणि लिहिलेलं ते उरत होतं.

एका संध्याकाळी घरी जतनवालीच्या आईने सहज विचारलं, “माझ्या पुस्तकाला कुठली चिठ्ठी लावलीस गं?”

आई भरतकाम करणारी. लोकांच्या कपड्यांवर वेली आणि पाखरं काढण्यात तिचं आयुष्य गेलं. आता डोळ्यांपुढे नुसतं दुधासारखं पांढरं असायचं, पण हात अजून डोळस होते. भाजी निवडताना एक किडकी शेंग तिच्या बोटांतून सुटायची नाही. तरुणपणी, लेकीच्या जन्माआधी, तिने ग्रंथालयाच्या बालविभागासाठी एक पुस्तक केलं होतं. शाई नाही, रंग नाही. जाड कागदावर सुईने टोचून काढलेली चित्रं. जतनवाली लहान असताना बालविभागात जाऊन ते खिडकीशी धरायची. कागदाआड दिवस उभा राहिला की भोकाभोकांतून उजेड यायचा आणि पानावर झाड उगवायचं, होडी चालायची, मासा पोहायचा. ढग आला की मासा विझायचा.

जतनवालीला उत्तर आठवेना. हजारो पुस्तकं हातांखालून गेलेली. बघते, असं ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती बराच वेळ खिडकीशी बसून होती. बाहेरच्या घरांत एकेक दिवा लागत होता, आणि तिला वाटत होतं, कुणीतरी अंधार टोचत चाललंय.

सकाळी कामावर गेल्या गेल्या तिने संगणकात पुस्तक काढलं. एक पान आलं, त्यावर पुस्तकाचं नाव. दुसरं पान आलं, त्यावर आईचं नाव. तिसरं आलंच नाही. चिठ्ठी निळी, दोनच पानांचं पुस्तक समजून घाईत लावलेली.

यंत्राने सांगितलेलं काम चोख केलं होतं. टोचलेलं पान वरून पांढरं, यंत्राचं झाकणही पांढरं; भोकांतून पांढऱ्याने पांढऱ्याकडे पाहिलं आणि यंत्र म्हणालं, कोरं आहे. झाडं, होड्या, मासे, सगळी गळली होती. आणि हा धडा यंत्राला जिने दिला ती तिथेच बसली होती, पडद्यावर आईचं नाव बघत.

निळ्या चिठ्ठीचे गठ्ठे मागच्या पडवीत रद्दीच्या गाडीची वाट बघत होते. तिने पदर खोचला आणि एकेक गठ्ठा सोडायला घेतला. फटाफट धावत आला, काय झालं ते ऐकून त्याचा चेहरा पडला, आणि मग तोही गुडघ्यांवर बसून शोधू लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादं काम सावकाश केलं असेल. जुन्या कोशांच्या ढिगाखाली पुस्तक सापडलं. कडा मऊ पडलेल्या, शिवण ढिली. भोकांच्या भोवती राखाडी डाग, जणू पानांवर धुकं बसलंय. फटाफटने खिशातून मऊ ब्रश काढला. मळ आहे ताई, हलक्या हाताने झाडून देतो, असं तो म्हणत होता, पण तिने आधी स्कॅन करायला सांगितलं.

या वेळी त्यांनी पानाच्या खालून दिवा लावला. खोलीतले बाकीचे दिवे मालवले, पडदे ओढले. आणि पडद्यावर रात्रीचं तळं उगवलं. त्यात उजेडाचा मासा. दोघं बघत राहिले. यंत्राची घरघर पाण्यासारखी वाटायला लागली होती. जतनवालीला वाटलं आपण काठावर बसलोय, पाय पाण्यात आहेत आणि लहान आहोत.

मग तिने चित्र मोठं करून बघितलं, तेव्हा काठ निसटला. जिथे भोकं लांब लांब होती तिथे सगळं ठीक होतं. पण माशाच्या खवल्यांशी आईने अगदी नाजूक, जवळजवळ भोकं घेतली होती. कागद इतक्या वर्षांत तिथे विसविशीत झालेला, त्यामुळे उजेड एका भोकातून दुसऱ्यात सांडत होता. खवले नव्हतेच, नुसता एक झगझगीत डाग होता. दिवा मंद केला, यंत्र बदललं, तरी डाग तो डागच.

तरी पांढरी चिठ्ठी लागणार हे नक्की होतं. जगात एकच प्रत, म्हणजे स्कॅन संगणकात आणि कागद गार खोलीत. मोठे साहेब, म्हणजे मुख्य ग्रंथपाल, तिच्याकडे बघून म्हणाले की बाई, थोडक्यात वाचलं हो. तिलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं, यंत्राची चूकसुद्धा. आई हसली.

“आंधळं दळतंय म्हण की तुझं यंत्र.”

“आता सापडलं ना, आई. पांढरी चिठ्ठी लावते. गार खोलीत ठेवलं की शंभर-दोनशे वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही.”

आईचं हसू तिथेच थांबलं. हातातली उसवलेली उशी तिने मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “अंधारात ठेवायचं होय? तिथे मी आहे की. त्याला कशाला सोबत पाठवतेस?”

मग तिने लेकीला कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सांगायचं राहून गेलं होतं, दुसरं काही नाही. ते पुस्तक बघायला केलेलंच नव्हतं. भरतकाम करणारे कापडावर चित्र कसं उतरवतात? आधी कागदावर चित्र टोचायचं, त्याला खाका म्हणतात. खाका कापडावर ठेवायचा, पातळ फडक्यात बारीक पूड बांधून पुरचुंडी करायची, आणि ती वरून हलके हलके आपटायची. भोकांतून पूड खाली झिरपते. खाका उचलला की कापडावर ठिपक्यांचं चित्र. गडद कापडाला खडूची पूड, फिक्याला कोळशाची. आईने बालविभागाला तसंच दिलं होतं, पुस्तक आणि सोबत कोळशाची पुरचुंडी. पोरांनी आपला कागद खाली घालायचा, पुरचुंडी आपटायची, ठिपके पेन्सिलने जोडायचे आणि मासा घरी घेऊन जायचा. आठवडाभर बालविभाग कोळशाच्या खाणीसारखा दिसत होता. पोरांची नाकं काळी, टेबलं काळी, शेजारच्या पुस्तकांवर बोटांचे ठसे. तेव्हाच्या ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला, आणि काळा हात लावल्यामुळे कपाळही काळं झालं. पुरचुंडी जप्त झाली. पुढच्या मुलांना नुसतं पुस्तक मिळालं, आणि त्यांनी ते खिडकीशी धरलं. त्यातलीच एक जतनवाली.

म्हणजे भोकांभोवतीचे राखाडी डाग मळ नव्हता. तो त्या आठवडाभराचा कोळसा होता.

सगळं वाचवलं असं जतनवालीला वाटत होतं, आणि आई म्हणत होती की जे वाचवलंस ते पुस्तक नव्हेच. तिने आईला समजावून पाहिलं. कागद विसविशीत झालाय, त्यावर आता पुरचुंडी आपटली तर फाटेल. आणि एकदा फाटलं की गेलं. दुसरं पुस्तक जगात कुठे नाही.

“खाका झिजतोच गं,” आई म्हणाली. “म्हणून तो संपायच्या आधी त्याच्यातून दुसरा काढून घ्यायचा. कोऱ्या कागदावर पूड पाडायची आणि ठिपक्यावर ठिपका टोचायचा. माझ्या शिकवणाऱ्या बाईंनी मला पहिल्या दिवशी हेच सांगितलं. आम्ही वापरायचो त्यातले कितीतरी खाके त्यांच्याही आधीच्या कुणीतरी काढलेले. मूळ कागद कुणी पाहिलाय?”

नव्या यंत्रात उचलून निजवायचं, जुनं बंद पडायच्या आधी. हे जतनवाली स्वतःच सगळ्यांना शिकवत होती. फक्त कागदाच्या बाबतीत तिच्या मनात कधी आलं नव्हतं. कागद म्हणजे आजोबा, कोपऱ्यात बसलेले. आईच्या हातातला कागद मात्र बाळ होता.

त्या रात्री तिला एक स्वप्न पडलं. गार खोलीचं दार उघडं आहे आणि आत पाणी भरलंय, स्वच्छ, गुडघ्याएवढं. फडताळांतून पुस्तकं झोपलीत. पाण्यात एक मासा फिरतोय, आणि त्याला बाहेर काढावं की दार लावून घ्यावं, हे तिला ठरवता येत नाही. मासा काही बोलत नाही. मासे बोलत नाहीत, स्वप्नातसुद्धा.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांकडे गेली. पुस्तकावर एकदाच पुरचुंडी फिरवायची परवानगी तिने मागितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतकी वर्षं तुम्ही आम्हाला पुस्तकापासून पेन लांब ठेवायला शिकवलंत, आता स्वतः त्याच्यावर कोळसा ओतणार म्हणता, असं ते म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. फाटलं तर जबाबदार कोण, हेही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मी. साहेबांनी एवढंच सांगितलं की मग वाचनालयात नको, पडवीत करा. आणि तुमच्या आईंना घेऊन या, म्हणजे मला निदान कुणावर तरी रागावता येईल.

आई आली ती स्वतः बांधलेली पुरचुंडी घेऊन. पडवीत टेबल मांडलं होतं. फटाफटने प्रत्येक पानासाठी मजबूत कागद कापून ठेवले होते. बालविभागातली मुलंही कडेला येऊन उभी राहिली. काहीतरी काळं होणार आहे याची बातमी मुलांपर्यंत कशी पोचते हे देवालाच ठाऊक. वारा पडला होता. दुपार अशी स्थिर होती, की जणू कुणीतरी तीही टेबलावर पसरून चार कोपऱ्यांना वजनं ठेवली होती.

शिवण सोडून पानं सुटी केलेली होती. पहिलं झाड. जतनवालीने पान खालच्या कागदावर ठेवलं, आईचा हात धरून नेमक्या जागी नेला, आणि आईने पुरचुंडी अशी आपटली जशी झोपलेल्या मुलाच्या पाठीवर कुणी थोपटतं. पूड तरंगली, बसली. पान उचललं. खाली झाड उभं होतं, पानापानासकट. मुलांच्या घोळक्यातून हुं असा एक आवाज आला. मग होडी आली. तीही उतरली.

मग मासा. जतनवालीने पान दोन्ही हातांनी धरलं होतं. आईने शेपटीकडून सुरुवात केली, पोटाकडे आली, खवल्यांवर हात आणखी हलका केला. थोपटलं, थोपटलं, आणि जतनवालीने पान उचलताना अगदी बारीक, कापूस ओढल्यासारखा आवाज झाला. खवल्यांच्या रेषेवरून पान उसवलं आणि माशाचं पोट एका पट्टीसारखं लोंबायला लागलं. इतक्या वर्षांचं, जगात एकच असलेलं. तिच्या हातांत, तिच्या जबाबदारीवर. साहेबांनी दाराशी उभ्या उभ्या मान फिरवली.

“फाटलं ना?” आईने विचारलं. “कुठलं?”

“मासा.”

“आणि खाली?”

जतनवालीने खाली पाहिलं. पांढऱ्या कागदावर मासा होता. खवला न् खवला वेगळा, राईच्या दाण्याएवढे ठिपके, एकही दुसऱ्यात सांडलेला नाही. यंत्राला न दिसलेला, तिलाही लहानपणी खिडकीशी कधी न दिसलेला. उजेडात जे विरघळायचं ते पुडीने नेमकं धरून ठेवलं होतं.

“आहे,” ती म्हणाली. “सगळा आहे.”

“मग वारा यायच्या आत टोचायला घ्या,” आई म्हणाली.

ठिपके त्याच दुपारी पेन्सिलने पक्के केले, आणि टोचायचं काम मुलांनी केलं, पुढचे कितीतरी दिवस. आई मध्ये बसायची, मुलं भोवती. सुई उभी धरा, कागदाशी भांडू नका, एक ठिपका झाला की मगच दुसऱ्याकडे बघा, असं ती सांगायची. ज्याला घाई व्हायची त्याला ती म्हणायची, बाळा, मासा कुठे पळत नाहीये. फटाफटलाही तिने एक होडी दिली. त्याने ती संध्याकाळपर्यंत पुरवली आणि घरी जाताना ती सगळ्यांना दाखवत गेला.

जतनवालीने जुनी पानं, फाटक्या माशासकट आणि कोळशासकट, न झाडता न चिकटवता, गार खोलीत नेऊन झोपवली. स्कॅनही ठेवला, कारण जुनं कसं होतं हे उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं. पण नवी पानं बालविभागात गेली, पुरचुंडीसह. ती झिजायला आली की त्यांच्यातून पुढची काढायची, आणि ते काढायला त्या त्या वेळच्या मुलांना बसवायचं, हे तिने नव्या इमारतीच्या नियमांत लिहून टाकलं. पडवी मात्र हवी, हे साहेबांनी आपल्या हाताने त्याखाली लिहिलं.

सगळी पानं पुरी झाली तेव्हा ती आईच्या पुढ्यात ठेवली. आईची बोटं भोकांच्या कडांवरून चालायला लागली, ओळखीच्या रस्त्यावरून चालावं तशी. झाडाशी ती हसली. होडीशी थांबून म्हणाली, ही फटाफटची, जरा घाबरलेली आहे. माशाशी मात्र तिची बोटं अडली.

“हा माझा नाही,” ती म्हणाली. “ह्याचं पोट सुटलंय.”

मासा टोचणारी मुलगी, दोन वेण्यांची आणि एका पडलेल्या दाताची, अंग चोरून उभी राहिली. जतनवालीला तिची दया आली; ती काही बोलणार तेवढ्यात आईची बोटं पुढे सरकली आणि शेपटीमागे, जिथे पान कोरं असायला हवं होतं तिथे, थबकली. तिथे आणखी काहीतरी होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, वाकडंतिकडं, पण डोळा असलेलं.

“आणि हे गं काय?”

“पिल्लू,” मुलगी म्हणाली. “तो एकटाच होता ना. म्हणून.”

जतनवालीने आईकडे पाहिलं. मुळाबरहुकूम नसलेलं एक अक्षरसुद्धा तिने आजवर कुठल्या प्रतीत चालवून घेतलं नव्हतं. पण पुस्तक आईचं होतं. आई बराच वेळ त्या पिल्लावरून बोट फिरवत राहिली, पुढे आणि मागे, जणू ते कुठल्या दिशेला पोहतंय ते बघत होती. बाहेर मुलं काळ्या नाकांनी पडवीभर फिरत होती आणि कुणीतरी कुणालातरी होडी उसनी मागत होतं.

“डोळा जरा मोठा झालाय,” आई शेवटी म्हणाली. “पण पुढच्या वेळी काढाल तेव्हा हेही घ्या. विसरू नका.”